ठेवणीतला गारवा

आई गेल्यापासून भेटायला येणारी माणसं बहुतेक एकच बोलतात. कितीतरी वर्षं अंथरुणावर होती, सुटली बिचारी. त्यांचं चुकत नाही. मी चहा पुढे करते, मान हलवते. ते गेल्यावर खुर्च्या जागच्या जागी लावताना मात्र मला मे महिन्यातली एक दुपार आठवते. त्या दुपारी आई भर उन्हात स्वतःच्या पायांनी चालली होती. ते कसं घडलं हे लिहून ठेवायचं बरेच दिवस मनात आहे. रोज थोडं थोडं लिहिते.

आईला मल्टिपल स्क्लेरोसिस होता. आपल्या नसांवर एक आवरण असतं, विजेच्या तारेवर असतं तसं. या आजारात ते जागोजागी झिजतं आणि मेंदूने धाडलेला निरोप वाटेतच हरवतो. इतपत आम्हाला समजलं होतं. पण तिचे पाय एका ऋतूत चालतात आणि दुसऱ्या ऋतूत नाहीत, हे कसं, ते कळेना. हिवाळ्यात ती काठीशिवाय गच्चीवर जाऊन वाळत घातलेले कपडे काढून आणायची. मे महिन्यात दुपारी तिला पलंगावरून उठून दारापर्यंत येता यायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलं की झिजलेल्या नसेला उष्णता सोसत नाही. ताप येण्याइतकीसुद्धा नव्हे, अंग नुसतं कोमट झालं तरी निरोप जायचा थांबतो. अंग गार झालं की तोच निरोप त्याच वाटेने पुन्हा जाऊ लागतो. त्यांनी तिला त्यांच्याकडच्या गार पाण्याच्या टबात बसवलं, थोड्या वेळाने उठवलं आणि म्हणाले, "चला बघू." आई उठली आणि ओल्या पावलांनी खोलीच्या टोकाला जाऊन परत आली. बाबा आणि मी भिंतीला टेकून उभे होतो. माणसाचं चालणं इतक्या बारीक गोष्टीवर अवलंबून असतं, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं.

आजार कळला त्याच उन्हाळ्यात नात्यात एक मुंज होती. आम्ही बडोद्यातल्या हरणीच्या आमच्या घरून रिक्षाने गेलो आणि कार्यालयाच्या दाराशी पोचेपर्यंत आईचे पाय गेले. दोन भाच्यांनी तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उचलून आत नेलं. कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "आली बरं का देवीची पालखी!" सगळे हसले, आईही हसली. घरी आल्यावर तिने पदराने तोंड पुसलं आणि बाबांना म्हणाली, "आता उन्हाळ्यातलं कुठलंच कार्य मला सांगू नका. उचलून न्यायला मी काही गणपती नाही."

मुलींच्या शाळेत ती बावीस-पंचवीस वर्षं शिकवत होती, आणि तिच्या चालण्याचा वेग आमच्या नात्यात प्रसिद्ध होता. तिच्याबरोबर बाजारात जायचं म्हणजे मला अर्धं पळावं लागे.

बाबांनी गाडी घेतली ती त्या मुंजीनंतर. नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध होता. आमच्या सोसायटीत स्कूटरच्या जागी एकेक छोटी मोटार येऊन उभी राहू लागली होती. बाबा नुकतेच निवृत्त झाले होते. जुन्या हस्तलिखित पोथ्या जिथे जतन करतात अशा एका ठिकाणी त्यांचं आयुष्य गेलं. एकाच ग्रंथाच्या निरनिराळ्या प्रती शेजारी शेजारी मांडायच्या, कुठे काय वेगळं लिहिलंय ते टिपायचं आणि मूळ पाठ काय असेल ते ठरवायचं, हे त्यांचं काम. यंत्रांशी त्यांचा संबंध सायकलच्या पंपापुरता. तरी त्यांनी एसीवालीच गाडी हवी असा हट्ट धरला. गाडी आली तेव्हा त्यांनी ते निळ्या बर्फाच्या चित्राचं बटण आईला दाखवलं आणि म्हणाले, "हे तुझ्यासाठी. पुढच्या वेळी कोण उचलतंय बघू."

आणि मग ते बटण त्यांनी कुणालाही दाबू दिलं नाही. मी कॉलेजात शिकवायला गाडी घेऊन जाई, भर एप्रिलमध्येसुद्धा काचा उघड्या ठेवून. एकदा विचारलं तर म्हणाले, "तो ठेवणीतला आहे. तुझ्या आईला बाहेर जायचं असेल तेव्हा लागेल. उगीच झिजवायचा कशाला?" आमच्या घरात हे कुणालाही विचित्र वाटलं नाही. चांदीचं तबक, सोनेरी काठाच्या कपबश्या, आईचा लग्नातला शालू, सगळं असंच जपलेलं. गाडीच्या आसनांवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. रविवारी बाबा पांढऱ्या फ्लॅनेलने तिला पुसत आणि वर खोळ चढवत. उन्हाळ्यात आई बाहेर पडत नसे आणि हिवाळ्यात एसीची गरज नसे. असे दोन उन्हाळे गेले.

मग धाकट्या मावशीच्या मुलीचं लग्न ठरलं. ही मुलगी लहानपणी आमच्याकडे राहून आईच्याच शाळेत शिकली होती. मुहूर्त मे महिन्यातला, तोही दुपारचा. कार्यालय प्रतापनगरच्या बाजूला, म्हणजे आमच्यापासून शहराच्या दुसऱ्या टोकाला. मावशी फोनवर रडली की तू आली नाहीस तर मला गोड लागणार नाही. आई म्हणाली, "येईन तर चालत येईन. नाहीतर इथूनच अक्षता टाकते, पोचतील तुला."

बाबांनी मनात सगळं ठरवलं होतं. गाडीत एसी लावून आईचं अंग चांगलं गार करून घ्यायचं. कार्यालयात तेव्हा नुसते पंखेच असत, त्यामुळे आत गेल्यावर अंग तापणारच. पण ते तापायच्या आत मंगलाष्टकं होतील, अक्षता पडतील आणि आई चालत परत गाडीत येऊन बसेल. डॉक्टरांना विचारलं तर तेही म्हणाले, जमेल.

लग्नाला आठवडाभर असताना बाबांनी खोळ काढली, मला गाडी सुरू करायला सांगितली आणि स्वतः ते बटण दाबलं. पंख्यातून वारा आला. गरम. आम्ही वाट पाहिली. तो गरमच राहिला.

"जरा वेळ लागत असेल," बाबा म्हणाले.

खिडकीतून आई बघत होती. मग ती आत जाऊन पडली.

आमच्या समोरच्या बंगल्यात एक गुजराती काका राहत. एका रासायनिक कारखान्यात इंजिनियर होते, बाबांच्याच सुमारास निवृत्त झालेले. योगायोगाने त्यांची गाडीही आमच्याचसारखी, त्याच बनावटीची, फक्त रंग वेगळा. ते गुजराती मिसळलेल्या मराठीत बोलत, बाबा शुद्ध मराठीत उत्तर देत, आणि इतकी वर्षं दोघांचं व्यवस्थित चाललं होतं. ते बाबांना पंडितजी म्हणत, बाबा त्यांना इंजिनियर.

"जय श्री कृष्ण! शुं थयुं, पंडितजी? गाडीला मुहूर्त सापडत नाही का?"

बाबांनी सांगितलं. काकांनी ताबडतोब बाह्या सरसावल्या. निवृत्तीनंतर हातात पाना यायची ते वाटच बघत असावेत. "पहिली गोष्ट, माझी गाडी घेऊन जा," ते म्हणाले. मग कपाळावर हात मारून घेतला. लग्नाच्या दोन दिवस आधी ते आणि काकू त्यांच्या गाडीने नाथद्वाऱ्याला निघणार होते. दर्शनाचं सगळं ठरलेलं. "आम्ही पुढे ढकलतो," ते म्हणाले.

आतून आईचा आवाज आला, "भाई, श्रीनाथजींच्या आणि तुमच्या मध्ये मी येणार नाही. उगीच माझ्या पायांना तेही पाप!"

भाड्याची गाडीही मी शोधून पाहिली. ऐन लग्नसराई. एक मिळाली, तिचा मालक म्हणाला एसी आहे, पण तो चालू करायला सांगितल्यावर त्याने हसून मागची काच खाली केली.

तेव्हा आमचीच गाडी चालू होणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं चढायच्या आत काकांनी त्यांची गाडी आमच्या गाडीशेजारी आणून उभी केली. दोघींची बॉनेटं उघडली. काकांचा बेत होता की सरळ वायरी तपासत जायचं. बाबा जरा वेळ दोन्ही इंजिनांकडे आळीपाळीने बघत उभे राहिले आणि म्हणाले, "इंजिनियर, थांबा. या तर एकाच ग्रंथाच्या दोन प्रती आहेत. एक शुद्ध, एक अशुद्ध. आपण वाचायची घाई करू नये. आधी एकमेकींशी ताडून बघू."

काका हसले. पण त्यांना ते पटलं.

मग जे झालं ते मी पायरीवर बसून पाहिलं. आधी काकांच्या गाडीचा एसी लावला. बटण दाबताच इंजिनाच्या पुढच्या बाजूने 'टक्' असा आवाज आला आणि इंजिनाचा सूर किंचित जड झाला. काकांनी दाखवलं की पट्ट्यावर फिरणाऱ्या एका चाकाच्या तोंडाशी एक तबकडी आहे. बटण दाबलं की विजेच्या जोरावर ती चाकाला चिकटते आणि गॅस दाबणारा कॉम्प्रेसर फिरू लागतो. आमच्या गाडीत चाक फिरत होतं, तबकडी स्वस्थ होती. तो 'टक्' नव्हता.

दोघांनी फ्यूज काढून बदलून पाहिले. आमचा त्यांच्याकडे चालला, त्यांचा आमच्याकडे चालला नाही. मग रिले नावाची लहानशी काळी डबी असते, तीही अशीच अदलून बदलून पाहिली. तेच. "म्हणजे इथपर्यंत दोन्ही पाठ सारखे," बाबा म्हणाले. इंजिन बंद करून काकांनी बॅटरीवरून एक वायर थेट त्या तबकडीच्या तारेला टेकवली. 'टक्!' आमच्या गाडीने पहिल्यांदाच तो आवाज काढला. बाबा दचकले आणि मग लहान मुलासारखे म्हणाले, "पुन्हा करा."

तबकडी ठीक होती. बटणापासून निघालेला निरोप ठीक होता. मधेच कुठेतरी तो अडत होता. हे ऐकताना मी नकळत खिडकीकडे पाहिलं. बाबांनीही पाहिलं.

गॅसच्या नळीवर एक छोटी कळ बसवलेली होती, तिच्यात दोन वायरींचा प्लग. काकांना संशय तिचा. पण तो तपासायचा कसा? बाबा म्हणाले, "तुमच्या शुद्ध प्रतीत मुद्दाम हीच चूक करून बघू. चूक सारखी निघाली तर तिची जागाही सारखी." काकांनी स्वतःच्या चालू गाडीतला तो प्लग ओढून काढला. त्याच क्षणी तबकडी थांबली, इंजिनाचा सूर हलका झाला आणि त्यांच्या गाडीतून आमच्यासारखाच गरम वारा येऊ लागला. हुबेहूब. जन्मात बॉनेट न उघडलेल्या माझ्या वडिलांनी, पोथ्या वाचायच्या रीतीने, यंत्राच्या पोटातली नेमकी एक जागा बोट ठेवून दाखवली होती. मी पायरीवरून उठून जवळ गेले. मला ते नीट जवळून बघायचं होतं.

"बस, कंई वांधो नहीं," आता काही अडचणच नाही अशा उत्साहाने काका म्हणाले, "या दोन वायरी जोडून डायरेक्ट करून टाकू. चालू!"

"पण ती कळ तिथे ठेवली कशाला असेल?" बाबांनी विचारलं.

काका वायर हातात धरून थांबले. आणि त्यांचा चेहरा पडला. "पंडितजी, नळीत गॅस कमी झाला की ही कळ उघडते. गॅसबरोबर तेल फिरतं. गॅस नाही तर तेल नाही. तसाच चालवला तर कॉम्प्रेसर आतून घासून मरेल." त्यांनी वायर खिशात टाकली. "प्लांटमध्ये माझ्या हाताखालच्या कुणी हे केलं असतं ना, मी त्याला घरी पाठवला असता. आणि आता मीच..."

बाबा त्या कळीकडे बघत होते. मग मला म्हणाले, "जुन्या पोथ्या उतरवणाऱ्यांमध्ये असे काही जण भेटतात. मूळ प्रतीतली अक्षरं वाळवीने खाल्ली असतील तर ते मनचं घालत नाहीत. तेवढी जागा कोरी सोडतात. लोकांना वाटतं, आळशी होता. पण त्यांच्यामुळेच ग्रंथ वाचतो." कालपासून आम्ही समजत होतो की गाडी बिघडली आहे, आणि आतमध्ये ती बोटभर कळ स्वतःच्या यंत्राला मरू न देण्यासाठी नकार देत बसली होती.

काकांनी नळीवरच्या तोंडाचं टोपण काढून आतली पिन नखाने दाबली. जोराचा फुत्कार यायला हवा होता. एक बारीक सुस्कारा आला आणि संपला.

गॅस कुठून गेला तेही लगेच सापडलं. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी, दांडा बाहेर येतो तिथे, तेलकट धूळ साचली होती. काका वाकून बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "किती चालवला होता हा एसी?"

"एकदाही नाही. जपून ठेवला होता."

काका उठले. हात पुसले. "आमच्या प्लांटमध्ये जोडीचा एक पंप असायचा. पहिला बंद पडला तर लागेल म्हणून. पण त्यालाही दर आठवड्याला चालवायचो. नाही चालवला तर आतलं रबराचं सील कोरडं पडतं. तेल पोचतच नाही ना." मग ते गुजरातीत म्हणाले, "तमे बहु साचव्युं, पंडितजी." फार जपलंत तुम्ही.

बाबा फ्लॅनेलचा तुकडा घेऊन ती तेलकट धूळ पुसू लागले. काकांनी त्यांच्या हातातून तो काढून घेतला.

आईला सांगायचं कुणी, हा प्रश्न होता. बाबांनी स्वतःच सांगितलं, पलंगाच्या कडेला बसून, सगळं क्रमवार. तुझ्यासाठी म्हणून राखला आणि राखल्यामुळेच गेला. मला वाटलं ती रडेल. ती खुदकन हसली.

"अहो, माझा शालू आठवतो का? ट्रंकेत राखून ठेवला आणि उघडला तर प्रत्येक घडीवर चिरलेला. तेव्हा मी तुमच्यापाशी रडले होते. तुम्ही मला सांगितलंत, रेशीम आहे, नेसायला हवं होतंस अधूनमधून."

"सांगितलं होतं खरं."

"मग स्वतः का ऐकलं नाहीत?"

बाबांनाही हसू आलं. आईने मला हाक मारली आणि गाडीच्या आसनांवरचं प्लॅस्टिक आत्ताच्या आत्ता फाडून ये म्हणाली. मी फाडून आले.

पण सील काही आमच्या हसण्याने मिळणार नव्हतं. पाणीगेटजवळ गाड्यांच्या एसीचं काम करणारं एक दुकान होतं. तिथल्या माणसाने सांगितलं की ते अहमदाबादहून मागवावं लागेल आणि लग्नापर्यंत येणार नाही. नुसता गॅस भरला तर? "भरू. पण भोक तर आहेच. आठवडा टिकेल, नाहीतर तासभर." काकांना विचारलं. ते नाथद्वाऱ्याच्या तयारीत होते. म्हणाले, कोरड्या सीलला तेल मिळालं की कधी कधी ते पुन्हा थोडं फुगतं आणि धरतं. कधी कधी. "भरायचा तर लग्नाच्या दिवशी सकाळीच भरा." आणि बॉनेटपुढची जाळी दाखवून बाबांना समजावत बसले, "हे लक्षात ठेवा, गाडीत थंडी तयार होत नाही. आतली उष्णता गॅस उचलतो आणि या जाळीतून बाहेर टाकतो. जाळी गरम झाली की टाकणार कुठे?" बाबा पोथीतली ओळ पाठ करावी तसे ओठ हलवत ऐकत होते.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी बाबांना घेऊन दुकानात गेले आणि गॅस भरून घेतला. नळ्या जोडल्या, काटे हलले आणि आम्ही बटण दाबलं. 'टक्.' इंजिनाचा सूर जड झाला. पहिल्यांदा नेहमीचा गरम वारा, मग कोमट, आणि मग माझ्या मनगटावर ते गार आलं. मे महिन्याच्या बडोद्यात, धुळीने भरलेल्या त्या गल्लीत, उघड्या हातांवर हिवाळ्यातल्या पहाटेसारखं काहीतरी आलं. बाबांनी दोन्ही तळवे आतल्या वाऱ्याच्या झरोक्यासमोर धरले, शेकोटीसमोर धरतात तसे.

घरी आल्यावर आईला मोतिया रंगाची साडी नेसवून गाडीत बसवलं आणि काचा लावून घेतल्या. मानेवर ओला पंचा. अर्ध्या तासाने ती म्हणाली, "मला थंडी वाजतेय गं." हे वाक्य मी उन्हाळ्यात तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. आम्ही निघालो. वेळेचा हिशोब बाबांनी चोख केला होता, प्रतापनगरचं रेल्वेचं फाटक मात्र त्यात नव्हतं.

फाटक पडलेलं. पुढे रिक्षा, मागे ट्रक, डोक्यावर सूर्य. जिथून गाडी यायची तिथे रूळ नुसते झळाळत होते. उभ्या गाडीत वारा हळूहळू बदलू लागला. गार, मग कमी गार, मग कोमट. मी बाबांकडे पाहिलं. संपला का गॅस? आईने मानेवरचा पंचा उलटा करून घेतला. आरशात मला तिच्या कपाळावरचा घाम दिसला. ती पायाची बोटं हलवून बघत होती.

"मागे फिरूया का?" मी विचारलं. मागे ट्रक होता. फिरता येणारच नव्हतं.

"थांब," बाबा म्हणाले. "तबकडी फिरतेय. सूर जडच आहे. ऐक." मी ऐकलं. खरंच जड होता. "गॅस आहे. उष्णतेला बाहेर जायला वाट नाही." आणि आम्ही प्यायला घेतलेल्या पाण्याचा मोठा थर्मास उचलून ते खाली उतरले. रेशमी सदरा, डोक्यावर लग्नाची टोपी. गाडीच्या तोंडासमोर जाऊन त्यांनी त्या जाळीवर पाण्याची धार धरली. बारीक, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. वाफेचा एक ढग उठला.

शेजारचा रिक्षावाला बाहेर वाकला, गाडीला आंघोळ घालताय का, असं विचारत. "ओ काका, गाडीने नवडावो छो?"

"हो," बाबा वर न बघता म्हणाले, "लग्नाला चाललीय ती."

"लो, तो मारी पण लो!" त्याने आपली पाण्याची बाटली पुढे केली. मागून ट्रकच्या क्लीनरने पत्र्याचा डबा भरून आणला. उन्हात तीन माणसं एका गाडीला पाणी घालत होती आणि आत वारा पुन्हा गार होऊ लागला. मी स्टिअरिंगवरचा हात काढून वाऱ्याच्या झरोक्यापुढे धरला, खात्री करायला. मग मागे पाहिलं. आईने डोळे मिटले होते. तोंड त्या वाऱ्याकडे केलेलं.

"अभिषेक चाललाय वाटतं," ती म्हणाली. "दक्षिणा द्या म्हणावं सगळ्यांना."

नॅरोगेजची लहान आगगाडी शिट्टी वाजवत रमतगमत गेली आणि फाटक उघडलं.

कार्यालयाच्या दाराशी मी इंजिन चालूच ठेवलं. बाबा म्हणाले, "तू तिच्याबरोबर जा. मी इथे बसतो. परत येईल तेव्हा गाडी गार हवी." ज्या मुलीला त्यांनी बोट धरून शाळेत पोचवलं तिच्या लग्नात ते आत आलेच नाहीत. आईने दार उघडलं, पाय बाहेर टाकले, एकदा जमिनीकडे पाहिलं आणि उभी राहिली. मी हात पुढे केला. तिने तो धरला नाही.

ती चालली. तोरणाखालून, चपलांच्या ढिगाऱ्याजवळून, गुलाबपाणी शिंपडणाऱ्या मुलींच्या मधून. पूर्वीचा वेग नव्हता, पण चाल तीच होती, मान ताठ, पदर डाव्या हातात. माणसं बाजूला होत होती. कुणी खुर्ची पुढे केली, तिने मानेने नको म्हटलं. अंतरपाटाच्या अलीकडे ती उभी राहिली आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत उभी होती. मी अक्षता टाकल्याच नाहीत. माझं सगळं लक्ष तिच्या पावलांकडे होतं. त्या दोन पावलांमध्ये, झिजलेल्या तारांमधून, कुठलातरी निरोप बरोबर पोचत होता. मी तो जाताना बघावं तशी बघत होते.

अंतरपाट दूर झाला. नवरीने आधी आईकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. मावशी गर्दीतून येऊन आईच्या गळ्यात पडली आणि आई तिच्या कानात म्हणाली, "सोड गं, तापवशील मला."

परतताना शेवटच्या काही पावलांना तिचा उजवा पाय ओढायला लागला. बाबांनी आतून दार उघडलं आणि ती स्वतःच आत बसली. गाडीखाली रस्त्यावर पाण्याचं लहानसं थारोळं साचलं होतं, एसीतून गळलेलं. भर उन्हात ते सावलीसारखं दिसत होतं.

"घरी?" मी विचारलं.

आईने काचेवर हात ठेवला. बाहेर सगळं पांढरं तापलेलं होतं. "मे महिन्यातली दुपार मी किती दिवसांत पाहिली नाही," ती म्हणाली. "गॅस असेल तोवर फिरव मला. मांडवीवरून घे. सुरसागरवरून घे. शाळेवरून घे."

मी बाबांकडे पाहिलं. पेट्रोलच्या प्रत्येक थेंबाला जपणारे बाबा आसनावर मागे टेकून बसले होते, टोपी मांडीवर, सदरा पाण्याने भिजलेला.

"डावीकडे वळ," ते म्हणाले. "लांबच्या रस्त्याने."